पयलो, दुसरो, तिसरो

पुंडलीक गावसांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे, आणि आमच्या कारखान्यात दिवे वाचायचं काम त्यांच्याकडं होतं. ही गोष्ट दोन माणसांना ठाऊक होती. एक त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी आणि दुसरी मी. कंपनीला ठाऊक नव्हती. ठाऊक झाली असती तर नियमाप्रमाणं त्याच दिवशी त्यांना पॅनेलपासून बाजूला केलं असतं, आणि पॅनेल सोडून दुसरं कुठलंही काम आपल्याला येत नाही असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

आमचा कारखाना घाटाखाली, तुये गावच्या औद्योगिक वसाहतीत. औषधांसाठी लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या इथं तयार होतात. मी मूळची गडहिंग्लजकडची. क्वालिटी विभागात लागले तेव्हा माझी तिशी उलटली होती. काम सोपं होतं. तयार बाटली उजेडात धरायची, नमुन्याच्या पट्टीवरच्या रंगाशी ताडून बघायची आणि कागदावर ‘चालेल’ किंवा ‘परत’ असं लिहायचं. थोडक्यात, मला रंग ओळखायचा पगार मिळत होता. पुंडलीकबाब इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. इकडं वडीलधाऱ्या माणसाच्या नावापुढं बाब लावतात, तसं मीही लावायला लागले. ते मला बाय म्हणायचे. घरच्या मुलीला म्हणतात तसं.

आता दिव्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक मशीनशेजारी एक लोखंडी कपाट असतं, तेच पॅनेल. त्यात जेवणाच्या डब्याएवढा एक कंट्रोलर बसवलेला असतो. मशीननं कधी काय करायचं ते तो ठरवतो. आमच्या जुन्या मशीनच्या कंट्रोलरवर वरच्या अंगाला तीन दिवे होते. पहिला लागला म्हणजे वीज येतेय. दुसरा लागला म्हणजे कंट्रोलरचं काम चालू आहे. तिसरा लागला म्हणजे बिघाड. त्याखाली बारीक दिव्यांची एक रांग, एकेका स्विचसाठी एकेक. दार लागलं की सातवा दिवा पेटायचा, साचा मिटला की नववा. मशीन बंद पडलं की माणसं हातोडी शोधतात. पुंडलीकबाब स्टूल शोधायचे.

स्टूल पॅनेलसमोर ठेवायचं, कपाटाचं दार उघडायचं आणि बसायचं. हात मांडीवर. सकाळची वेळ असली तर पिशवीतून उंडो निघायचा. उंडो म्हणजे पोदेराकडचा, पाववाल्याकडचा, गोल पाव. तो ते कोरडाच, तुकडे मोडून मोडून खायचे आणि दिवे बघत राहायचे. उत्पादन थांबलंय, मॅनेजर कामत साहेब पाठीमागं उभे राहून घड्याळाकडं बघतायत, आणि हे शांतपणे पाव चावतायत, हे दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याला सहन होत नसे. कामत साहेबांनाही दहा वर्षांत सवय झाली नव्हती.

“पुंडलीक, काहीतरी कर रे!”

“करतां मां. बघतां.”

“बघणं म्हणजे करणं नव्हे.”

“पयलां बघूचां, मागीर हात लावचो,” पुंडलीकबाब म्हणायचे. “हात पयलो लावलो तर मागीर बघूक काय उरना.”

दिव्यांचा रंग त्यांच्या तोंडून कधी निघायचा नाही. पयलो, दुसरो, तिसरो. थीर आसा, लुकलुकता, मेलो. बस्स. त्यांच्याकडं शाळेच्या मुलांची एक वही होती, तिच्यात प्रत्येक मशीनच्या दिव्यांचं असं टिपण असायचं. ‘दोन नंबर मशीन. पयलो थीर, दुसरो लुकलुकता, सातवो मेलो – दार नीट लागूक नाय.’ ही भाषा हळूहळू सगळ्या कारखान्यात पसरली. ऑपरेटर फोनवर सांगायचे, “बाब, तिसरो लागलो!” परगावहून आलेला इंजिनिअर गोंधळायचा, पण आमचं काही अडत नसे. त्यामुळं कुणाला कधी शंका आली नाही.

मलाही आली नसती. पण एका दुपारी मी लॅबमध्ये एकटी असताना पुंडलीकबाब आत आले, दार लोटलं आणि वायरचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले.

“बाय, हेंतली हिरवी खंयची?”

मला वाटलं, थट्टा करतायत. आम्ही घाटावरची माणसं, आमची थट्टा इकडं रोज कुणी ना कुणी करतंच. मी म्हटलं, “जी हिरवी दिसते ती.”

ते हसले नाहीत. “माका दोनूय एकसारखी दिसतत,” म्हणाले.

मग सांगितलं. लहानपणापासून असंच. आंबा पिकलाय की कच्चा, ते नाकानं ओळखायचं. टोमॅटो दाबून. आयटीआयला डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा पुढच्या मुलाची उत्तरं ऐकून ठेवली आणि तीच दिली. वायरला टेस्टर लावल्याशिवाय आजवर हात लावला नाही आणि लावलेल्या प्रत्येक वायरला नंबराची चिठ्ठी बांधली. ऑडिटवाले दरवर्षी या चिठ्ठ्यांचं कौतुक करतात, हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं. आज एका जुन्या खोक्यातली वायर सुटी होती, ती कुठंच जोडलेली नव्हती, त्यामुळं टेस्टरचा उपयोग नव्हता.

“कोणाक सांगू नको. तीन-चार वर्सां उरली माजी.”

मी सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते पुढं येईलच.

पार्से गावी त्यांच्या घरी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गेले होते, तेव्हा शालिनीवहिनींनी त्यांचं आणखी एक सांगितलं. लग्नात त्या हिरव्या शालूत बसल्या होत्या. नवऱ्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा म्हणाला, लाल रंग तुका शोबता. “माका वाटलां, ह्येची नदर दुसऱ्याच बायलेर आसा!” वहिनी म्हणाल्या. “आठ दीस मी उलयलंय नाय.” आठ दिवस अबोला. पुंडलीकबाब समोरच बसून गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं मोजत होते. “मी तोंडाकडे बघलंय. साडयेकडे कित्याक बघू?” इतकंच म्हणाले.

माणूस कामाला किती पक्का होता, त्याची एकच गोष्ट सांगते. एकदा दोन नंबरचं मशीन बंद पडलं आणि कामत साहेबांनी घाई करून पुण्याहून इंजिनिअर बोलावला. तो सकाळच्या विमानानं मोपाच्या विमानतळावर उतरला आणि तासाभरात लॅपटॉप घेऊन हजर. जोडला, बघितलं, आणि सांगितलं की कंट्रोलरमधलं कार्ड गेलंय, नवीन मागवावं लागेल, पंधरा दिवस लागतील. पुंडलीकबाब स्टुलावरच होते. म्हणाले, दार लावलं तरी सातवा पेटत नाही, एवढंच झालंय. इंजिनिअर म्हणाला, तेच तर, कार्ड गेलंय. पुंडलीकबाबांनी वायरचा एक तुकडा घेतला, दाराचा स्विच वगळून थेट कार्डाला जोडून दाखवला. सातवा लख्ख पेटला. कार्ड ठणठणीत होतं. मग उठले, दाराच्या मागं वाकले आणि स्विचच्या खाचेत करंगळी घातली. कुंभारीण माशीनं तिथं मातीचं घर बांधलं होतं. आत दोन पिल्लंही होती. पुंडलीकबाबांनी ते घर सुरीनं अलगद काढून बाहेर कुंपणाच्या दगडावर ठेवलं आणि परत येऊन उरलेला उंडो संपवला. इंजिनिअरनं अहवालात ‘बाहेरील पदार्थ आढळला’ असं लिहिलं आणि दुपारच्या विमानानं परत गेला.

दसऱ्याचा प्रकार मात्र याहून वरचा. कारखान्यातली निम्मी माणसं कोल्हापूर-बेळगावकडची. आयुधांची पूजा म्हटली की आमच्या लोकांना हात आखडता घेता येत नाही. यल्लप्पा म्हणून बेळगावजवळच्या गावचा ऑपरेटर होता, गडी कामाला वाघ आणि पूजेला दोन वाघ. त्या वर्षी त्यानं मशीनं धुऊन पुसून काढली, रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा घातल्या, नारळ फोडले. पॅनेलचं दार उघडून आतल्या दिव्यांना हात जोडले आणि तेलात कालवलेली पिंजर प्रत्येक दिव्यावर बोटानं टेकवली. पिंजर म्हणजे आपलं कुंकू. देवाचे डोळे आहेत म्हणाला, कोरडे कसे ठेवायचे.

पुंडलीकबाब दसऱ्याला गावच्या तरंगांसोबत, म्हणजे देवळातून निघणाऱ्या सजवलेल्या देवकाठ्यांसोबत असायचे, त्यामुळं रजेवर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीनं वीज चालू केली आणि दोन नंबरच्या पॅनेलवर सगळेच्या सगळे दिवे लाल. तेलकट पिंजरीतून हिरवा दिवा तांबडालाल दिसत होता, आणि न पेटलेलाही लालच. स्टार्टचं बटण दाबायची कुणाची छाती होईना. पाळीच्या इलेक्ट्रिशियननं फ्यूज बदलले. मग वायरी बदलल्या. कामत साहेबांनी पुण्याला फोन लावला, तिकडून सांगितलं की सगळेच लाल असतील तर कंट्रोलर गेला. यल्लप्पा कोपऱ्यात उभा राहून देवीची माफी मागत होता. नारळ नासका निघाला होता, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी पुंडलीकबाब आले. कपाळाला अंगारा, अंगावर देवळातला सदरा. स्टूल ओढलं आणि बसले. सगळी पाळी मागं गोळा झाली.

“पयलो थीर. दुसरो थीर. तिसरो मेलो,” म्हणाले. “मशीन चालू करा.”

“अरे, पण लाल आहे सगळं!” कामत साहेब ओरडले.

“आसां दी.”

त्यांनी स्वतःच उठून बटण दाबलं. मशीन सुरू झालं. पहिली बाटली पट्ट्यावर आली तेव्हा यल्लप्पानं मशीनला नाही, पुंडलीकबाबांना हात जोडले. मग कुणीतरी चिंधीनं दिवा पुसला आणि तो हिरवा झाला, तेव्हा सगळ्या पाळीनं माना वळवून पुंडलीकबाबांकडं बघितलं. त्या दिवसापासून पुंडलीकबाबांना रंगाच्या पलीकडचं दिसतं, असं लोक बोलायला लागले. ते खरंच होतं, फक्त लोकांना वाटत होतं तसं नव्हतं. मी लॅबमध्ये जाऊन, दार लावून पोटभर हसले. आठवड्यानं नोटीस लागली, ‘पूजेच्या वेळी कंट्रोलरच्या दिव्यांस पिंजर, हळद अगर इतर पदार्थ लावू नये.’ ती अजून लावलेली आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मग नवीन मशीन आलं.

मशीन चांगलं होतं. दुप्पट बाटल्या काढायचं आणि पुढं स्वतःच मोजून खोक्यात भरायचं. बारा बाटल्या रांगेत आल्या की एक लोखंडी हात बाजूनं यायचा आणि त्यांना खोक्यात ढकलायचा. त्याच्या पॅनेलचं दार उघडलं आणि मी पुंडलीकबाबांच्या तोंडाकडं बघितलं. नव्या कंट्रोलरवर तीन दिवे नव्हते. एकच होता. चालू असलं की हिरवा, थांबलं की नारिंगी, बिघडलं की लाल. तिन्ही वेळा थीर. कंपनीच्या माणसानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, आता काही लक्षात ठेवायला नको, लहान मुलालाही कळेल.

पुंडलीकबाब त्या दिवशी स्टुलावर दोन तास बसले. उंडो पिशवीतच राहिला. पाळी सुटल्यावर माझ्याकडं आले.

“एकूच दिवो, बाय. जागोच नाय.”

मला ते पुरेसं होतं. जागा हेच त्यांचं वाचन होतं, आणि तीच काढून घेतली होती.

मग आम्ही एक व्यवस्था केली. दर तासाला नमुन्याच्या बाटल्या घ्यायला मला मशीनपाशी जावंच लागायचं. जाताना पॅनेलकडं नजर टाकायची आणि चालता चालता म्हणायचं, “पयलो.” म्हणजे हिरवा. “दुसरो.” म्हणजे नारिंगी. “तिसरो” म्हणायची वेळ फार येत नसे. मधल्या वेळात काही झालं तर ते लॅबच्या खिडकीवर टिचकी मारायचे आणि मी बाटलीचं निमित्त काढून निघायचे. लोकांना वाटायचं, या बाईला नव्या मशीनचं फार वेड. असे आठ महिने काढले. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, उलट आपण एका भल्या माणसाची नोकरी राखतोय याचा अभिमान होता. आज तो आठवला की माझी मलाच लाज वाटते.

त्या दिवशी बाहेरगावचे ऑडिटर आले होते आणि मी त्यांच्यासोबत लॅबमध्ये अडकले होते. नव्या मशीनवर यल्लप्पा होता. खोक्याच्या तोंडाशी बाटली आडवी अडकली आणि मशीन गप्प झालं. त्यानं पुंडलीकबाबांना हाक मारली. खिडकीवर टिचकी वाजलेली मी ऐकली. ऑडिटरचा प्रश्न अर्धा झाला होता. मी हातानं ‘थांबा’ अशी खूण केली. खिडकीच्या काचेतून त्यांना ती दिसली की नाही, देव जाणे.

पुढचं मला यल्लप्पानं सांगितलं. त्यानं विचारलं, “थांबलंय न्हवं ओ, बाब?” मेन स्विच बंद केला असता तर मशीन पुन्हा तापायला अर्धा तास गेला असता, आणि कामत साहेब त्याच आठवड्यात त्यावरून दोनदा चिडले होते. पुंडलीकबाबांनी दिव्याकडं बघितलं. दिवा थीर होता. आवाज नव्हता. ते म्हणाले, “थांबलां.”

ते थांबलेलं नव्हतं. दिवा हिरवा होता. मशीन बाराव्या बाटलीची वाट बघत होतं. यल्लप्पानं हात घालून आडवी बाटली उभी केली, मशीनची मोजणी पूर्ण झाली आणि लोखंडी हात आला. यल्लप्पाचं मनगट ओढून काढायला पुंडलीकबाबांनीच झडप घातली. हातमोजा आत राहिला. बारा बाटल्यांसोबत तो व्यवस्थित खोक्यात भरला गेला.

यल्लप्पाच्या दोन नखांना खरचटलं होतं, बाकी काही नाही. त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं, “माझीच चूक की ओ. मेन स्विच बंद करायचं इसरलो.” कामत साहेबांनी त्याला झापलं, वहीत नोंद केली आणि विषय संपला. कुणी कुणाकडं बोट दाखवलं नाही. दाखवायला कुणाला काही ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी पुंडलीकबाब सायकल स्टँडपाशी बसून होते. मी गेले. दोन्ही हात त्यांनी काखेत धरले होते.

“उद्यां कामत साहेबांक सांगतां.”

“काही सांगू नका,” मी म्हटलं. “दोन वर्षं राहिलीत तुमची. मी कुठं जात नाही इथनं. परत असं होणार नाही.”

“आज तू खंय होतीस?”

त्यांनी ते रागानं विचारलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

“तुजी चूक नाय गो,” ते म्हणाले. “पण तेका धा बोटां आसत. ती माज्या नोकरयेखातीर नायत.”

सकाळी मला सोबत घेऊनच ते केबिनमध्ये गेले. कामत साहेबांना वाटलं, रजेचं काहीतरी असेल.

“माका रंग कळनत, साहेब. लाल नी हिरवो. पयल्यापासून.”

कामत साहेब हसले. मग पुंडलीकबाब हसत नाहीत हे बघून थांबले. पाठीमागच्या कपाटात फायली होत्या. वरच्या फळीवर खरेदीच्या लाल, खाली विक्रीच्या हिरव्या, वर्षानुवर्षं तशाच. साहेबांनी वरच्या फळीवर बोट ठेवलं.

“ह्या कुठल्या रंगाच्या?”

“तांबडी.”

“आणि ह्या खालच्या?”

“हिरवी.”

“मग? दिसतंय की तुला!” कामत साहेबांचा जीव भांड्यात पडला. “कालच्यामुळं घाबरलायस तू. दोन दिवस रजा घे, घरी झोप. यल्लप्पाचा हात शाबूत आहे, देवाची कृपा. जा.”

पुंडलीकबाब तसेच उभे राहिले. आयुष्यभर जागा पाठ करून ठेवल्या होत्या, त्या आता त्यांना खोटं पाडत होत्या. साहेबांनी फोन उचलला होता. दारातून नुसतं परत फिरायचं होतं. नोकरी राहणार होती, नाव राहणार होतं, दिवा आणि मीही राहणार होते. आणि त्या मशीनपुढं यल्लप्पाही.

पुंडलीकबाबांनी माझ्याकडं बघितलं. “बाय,” एवढंच म्हणाले.

मी कपाटाजवळ गेले. “साहेब, एक मिनिट. पुंडलीकबाब, तुम्ही तिकडं तोंड करा,” असं म्हणून त्यांना भिंतीकडं वळवलं. खालची एक फाईल काढून वर ठेवली, वरची एक खाली. मला कागदाच्या पुठ्ठ्याचं इतकं ओझं कधी झालं नव्हतं. मग त्यांना वळायला सांगितलं आणि वरच्या फळीवर मी ठेवलेल्या फायलीला हात लावला.

“ही?”

“तांबडी,” पुंडलीकबाब म्हणाले.

ती पोपटासारखी हिरवीगार होती. कामत साहेबांनी फोन खाली ठेवला. मी एका चांगल्या माणसाची नोकरी माझ्या हातानं घालवली होती, आणि त्यासाठीच त्यांनी मला बरोबर आणलं होतं. मला तिथंच रडू फुटलं. पुंडलीकबाबांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि साहेबांना विचारलं, “आतां खंय बसूं?”

स्टोअरमध्ये बसवलं. लेखी पत्र निघालं की पुंडलीक गावस यांनी कोणत्याही पॅनेलचं दार उघडू नये. त्याची एक प्रत मलाही मिळाली, सोबत समज दिल्याचं वेगळं पत्र. ते मला मिळायलाच हवं होतं. टेस्टर आणि पकड त्यांनी जमा केली, वही मात्र कुणी मागितली नाही. स्टोअरमध्ये त्यांनी नटबोल्टांपासून बल्बांपर्यंत सगळ्याला जागा ठरवून दिली. पण मशीनघरातून आवाज थांबला की मान वर करायचे आणि पुन्हा सुरू होईपर्यंत हातातलं काम पुढं सरकायचं नाही. यल्लप्पा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसायचा. खरं कारण कळल्यावर तो एक दिवस रागावला होता. दुसऱ्या दिवशी बेळगावचा कुंदा घेऊन आला. त्या दोघांत काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

वर्षभरात कंपनीनं जुनी मशीनं काढायची ठरवली. दोन नंबरचं बघायला बांदा गावाहून एक लहान कारखानदार आला. फिनाईलच्या बाटल्या काढायचा त्याचा विचार होता. मशीन चालवून दाखवा म्हणाला. पाळीच्या पोरांना ते चालू होईना. कामत साहेब थोडा वेळ उभे राहिले आणि मग स्वतः स्टोअरमध्ये गेले.

“पुंडलीक, जरा येतोस?”

“पत्रार नाय म्हटलां, साहेब.”

“मी म्हणतोय, ये.”

स्टूल यल्लप्पानंच आणून ठेवलं. पुंडलीकबाब बसले. तीन दिवे, खाली रांग. पाव नव्हता, पण बसणं तेच. मग म्हणाले, “नववो मेलो. साचो पुराय मिटूक नाय.” कुणीतरी साच्यातला प्लॅस्टिकचा तुकडा काढला आणि मशीन लागलं. बांद्याचा माणूस त्यांच्याकडंच बघत होता. विचारलं, “हे सांभाळणार कोण माझ्याकडं? तुम्ही येता का?”

“माका लाल-हिरवो कळना,” पुंडलीकबाब पहिल्यांदा हेच बोलले, सगळ्यांसमोर, नाव सांगायच्या आधी. “नवीन मशीन घेतलास तर माजो उपेग नाय. ह्या एकाच मशीनार मी चलतां.”

त्या माणसानं मशीनवर हात ठेवला. “माझ्याकडं हे एकच असणार आहे,” म्हणाला.

मशीन न्यायला टेंपो आला त्या सकाळी आम्ही काही जण पुंडलीकबाबांना निरोप द्यायला गेटवर होतो. पॅनेल दोरीनं बांधलं होतं, पण दाराची खिटी मोडलेली होती, म्हणून ते धरायला पुंडलीकबाब मागं पॅनेलशेजारीच बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत वही. वॉचमननं गेटपास वाचला आणि टेंपो अडवला. पासवर मशीन एक, पॅनेल एक, वायरींची पेटी एक एवढंच होतं. माणूस नव्हता. नवा वॉचमन, नियमाला पक्का. कामत साहेब उन्हात चालत आले, पास हातात घेतला आणि पेटीच्या खालच्या ओळीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘जाणकार, एक.’

त्यापुढं दरवेळी एक रकाना भरावा लागतो, बाहेर जाणारी वस्तू परत येणार की नाही. मशीन, पॅनेल आणि पेटीपुढं ‘नाही’ लिहिलेलं होतं. वॉचमननं बोट ठेवून दाखवलं, साहेब, हे राहिलं. कामत साहेबांनी पेन टेकवलं. वर बघितलं. पुंडलीकबाब एका हातानं पॅनेलचं दार दाबून धरून दुसऱ्या हातानं दोरीची गाठ तपासत होते, त्यांचं इकडं लक्ष नव्हतं. कामत साहेबांनी पेन उचललं, तो रकाना तसाच मोकळा ठेवला आणि खाली सही केली.